अडतीस तबकड्यांची वाटणी

मी आजवर नऊ कळपांची वाटणी केली. निरवांगीपासून लोणी भापकरापर्यंत कुठल्याही धनगराच्या घरात विचारा, तानूबाईनं केलेल्या वाटणीवर दुसऱ्या दिवशी कुणी तोंड उघडलेलं नाही. सासऱ्यांनी ही विद्या मुलाला न देता सुनेला दिली, कारण मुलगा, म्हणजे आमचे हे, आबाजी, मेंढरू समोर आलं की त्याला गोंजारत बसायचे. वाटणी करणाऱ्यानं गोंजारायचं नसतं. दात बघायचे, पाठ दाबायची, कास चाचपायची, आवाज ऐकायचा आणि पुढच्याला ओढायचं.

तर अशा बाईला दोन शहाण्यासुरत्या दिरांनी इंग्रजी गाण्यांच्या तबकड्या वाटायला बसवलं. तेही ऐन जुलैत, आंबे बहाराची डाळिंबं तोडणीला आलेली असताना. माझं डोकं फिरलं होतं ते आजतागायत जागेवर आलेलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. शाळा माझी तिसरीपर्यंत. अक्षराला नावं ठेवायची असतील तर वाचू नका.

हिंदुराव दोघांतला थोरला. बारामतीत हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. दादासो धाकटा. इथंच निरवांगीत, माझ्या बांधाला बांध लावून डाळिंबाची बाग करतो. मी या घरात आले तेव्हा एक सात वर्षांचा होता, दुसरा पाच. सासू नव्हती. दोघांच्या डोक्यातल्या उवा मी काढल्यात, दोघांना ताप आला तर मी जागलेय. चारचौघांत भावजी म्हणते, घरात अरे-तुरे. दोघं मला वैनी म्हणतात आणि आईसारखं छळतात.

हे दोघं शिकायला म्हणून पुण्यात एका खोलीत राहिले, बाहत्तर सालच्या दुष्काळापासून पुढं चार वर्षं. तिथल्या लष्कर भागात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दादासो संध्याकाळी कामाला जायचा. तिथं परदेशी पोरं यायची, केस माझ्यापेक्षा लांब, आणि मायदेशी जाताना आपल्या तबकड्या तिथंच टाकून जायची. पडेल भावात यांनी त्या जमवल्या. अडतीस. सगळ्या तेव्हाच्या नव्या. एक वाजवायचं यंत्र दादासोनं मोडक्या तीन यंत्रांतून जोडून केलं. पुणं सुटलं, लग्नं झाली, जमीन वाटली, त्यात ब्र निघाला नाही. तबकड्या तेवढ्या सामायिक राहिल्या, बारामतीत हिंदुरावाच्या घरी. दरसाल दिवाळी पाडव्याच्या दुपारी दादासो बारामतीला जायचा, दोघं दार लावून प्रत्येकीतलं थोडं थोडं ऐकायचे आणि एका वहीत मार्क द्यायचे. प्रत्येक तबकडीला दहापैकी. दरसाल नव्यानं. गाणी तीच, तबकडी तीच, पण मार्क नवे. मी एकदा विचारलं होतं, "का रं, गेल्या वर्षीपास्नं ती गाणारी मानसं सुधारली का?" तर हिंदुराव म्हणाला, "वैनी, ऐकनारा बदलतो." मास्तरला उत्तर तयार असतं.

गेल्या पाडव्याला बिनसलं. एक तबकडी आहे, तिच्या कव्हरावर पाण्यात उभं जळकं झाड आहे. नाव इंग्रजीत आहे, मला वाचता येत नाही, मी तिला जळक्या झाडाची म्हणते. हिंदुरावानं तिला वीस वर्षं नऊ मार्क दिले होते. या खेपेला दिले चार.

दादासो भरल्या ताटावरून उठला आणि यष्टी पकडून निरवांगीला आला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. हिंदुरावाची लेक प्रतिक्षा दहावीत चांगली पास झाली तरी हा चुलता पेढे घेऊन गेला नाही. आठ महिने मी टपालखातं झाले होते. "वैनी, त्याला सांग त्याच्या विहिरीचा पाइप बदलायला झालाय." "वैनी, त्याला सांग बदल म्हनावं." एका घरातली दोन माणसं, आणि बोलणं माझ्या तोंडून.

मग एका सकाळी दादासो आला आणि ओसरीवर टेकत म्हणाला, "वैनी, तबकड्याची वाटनी कर."

"गहू हायत का त्या, पायलीनं वाटायला? निम्म्या तू घे, निम्म्या त्यो घिईल."

"निम्म्या कुठल्या? त्यो चांगल्या ठिवून घिईल. त्याची परख सडली. चार मार्क देनारा मानूस त्यो."

"मग तू निवड."

"त्यो म्हनतो, माजी परख पैल्यापासनंच न्हवती."

"त्यो म्हनतो? बोलला व्हय तुझ्याशी?"

"सरूच्या हाती चिठ्ठी दिली." सरूबाई त्याची बायको. तीही बिचारी या टपालखात्यात भरती झालेली. "म्हनून तू कर. तुला त्यातलं काय कळत न्हाय, तू कुनाची बाजू घेनार न्हाईस."

मला काय कळत नाही! चौपन्न वर्षांच्या बाईच्या तोंडावर, तिच्याच ओसरीत बसून, तिचाच चहा पिऊन. मी तिथंच ठरवलं की आता बघच.

पण एक गोष्ट सांगते. मी ज्या नऊ घरांचे कळप वाटले, त्या नऊ घरांतले भाऊ पुन्हा एका तव्यावरची भाकरी जेवले नाहीत. भांडण मिटतं, हे खरं. पण त्याबरोबर बाकीचंही मिटतं. जमीन वाटली तरी भाऊ एका बांधावर राहतात, पण जनावर वाटलं की एक पूर्वेला चारायला जातो, एक पश्चिमेला. या दोघांमध्ये आता सामायिक म्हणून एवढ्याच अडतीस काळ्या ताटल्या राहिल्या होत्या. त्या मी वाटल्या की माझ्या हातानं वाढवलेली दोन पोरं माझ्याच हातानं वेगळी व्हायची. आणि वाटणी वाईट करणं, मुद्दाम कुठं गोम ठेवणं, हे मला मेले तरी जमणार नाही. माझं नाव आहे त्यात. म्हणून पहिले आठ दिवस मी डाळिंबाचं निमित्त सांगितलं. नवव्या दिवशी हिंदुराव चार दिवसांची रजा काढून, जीपमध्ये ट्रंक घालून बारामतीहून हजर.

"ट्रंकंला धक्का लागू दिऊ नका म्हनावं त्याला," जीपमधून उतरताना तो मला म्हणाला. त्याला म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या दादासोला.

"वैनी, सांग त्याला, यंत्र मीच जोडलंय, मला शिकवू नकोस म्हनावं."

"दोघंबी ऐका," मी म्हणाले. "माझ्या ओसरीत वाटनी व्हनार ती माझ्या रीतीनं. एकेक तबकडी माझ्या म्होरं येनार. मी ऐकनार. ऐकल्याबिगर मी वाटत न्हाय. मेंढराला हात न लावता मी कवा वाटलं न्हाय."

हिंदुराव म्हणाला, "अगं अडतीस हायत. एकेकीच्या दोन बाजू."

"एक बाजू पुरं. मेंढरू एका बाजूनं रोगी आन दुसऱ्या बाजूनं धड असं नसतंय."

"आन मालकानं मधी बोलायचं न्हाय," मी पुढं म्हणाले. "जात सांगायची न्हाय, गुन सांगायचं न्हाईत. मेंढरू म्होरं आनायचं आन गप बसायचं."

मास्तरला गप बसवणं म्हणजे काय ते त्या चार दिवसांत मला कळलं.

लाईट दुपारी बारा ते चार. दोघं ओसरीच्या दोन टोकांना घोंगडी टाकून बसले, मधे यंत्र, यंत्राच्या दोन बाजूंना आवाजाच्या दोन लाकडी पेट्या, आणि समोर मी, डाळिंबं पुसायचं फडकं आणि करंड्या घेऊन. हात रिकामे ठेवून मी बसत नाही. दादासो तबकडी दोन तळव्यांत अशी धरायचा की बाळाला पहिली आंघोळ घालतोय. कापसानं पुसायचा, फुंकर मारायचा, मग सुई टेकवायचा. कधी माझं पोरगंही त्यानं असं उचललं नव्हतं.

पहिली वाजली आणि मी फडकं टाकलं. एक माणूस असा ओरडत होता, जसं लोकर कातरताना कातरीचं टोक मेंढराच्या कानाला लागलंय. मागं तीन जण तारा ओढत होते, तिघंही वेगळ्या वाटेनं चाललेले.

"हे आजारी हाय का?" मी विचारलं.

"वैनी, तो त्या काळचा सगळ्यात मोठा..." हिंदुराव सुरू.

"जात सांगू नगंस म्हनलं ना!"

दादासो हसला. मग हिंदुरावाकडं नजर गेली तसा हसायचा थांबला.

मेंढरांत चार प्रकार धरतात. म्होरकी, जिच्या मागं कळप चालतो. दुभती, जिच्यावर घर चालतं. भाकड, जी नुसती खाते आणि ओरडते. आणि लंगडी, जी चांगली असून चालू शकत नाही. दोन्ही वाट्यांत चारही सारख्या पडायला पाहिजेत, एवढंच वाटणीचं शास्त्र. नुसती मुंडकी मोजून वाटणारा गावातला कुणीही मिळतो. मी तबकड्यांनाही तेच लावलं. दुसरं शास्त्र मला येत नाही आणि लागतही नाही.

आगगाडीच्या चित्राची लागली तेव्हा मी डाळिंब हातात धरून थांबले. ती नीट चालत होती. दसरा झाल्यावर कळप कोकणाकडं निघतो तशी चाल, घाई नाही, ढकलाढकली नाही, एकानं पाऊल उचललं की मागच्याचं आपोआप उचलतं. "म्होरकी," मी म्हणाले. दोन्ही टोकांकडून दोघांनी एकदम मान हलवली. मग ती सारखी हलल्याचं लक्षात आल्यावर दोघांनी दोन दिशांना बघितलं. आठ वर्षांची पोरं बरी यापेक्षा.

निळ्या डोळ्यांच्या बाईचं चित्र होतं एकीवर. तिच्यात पेटी वाजायची, भजनातल्यासारखी, पण भात्याला भोक पडल्यागत हुंदके देत. अर्धी बाजू झाली तरी गाणारा तोंड उघडेना.

"ह्यो कवा गानार?"

"ह्यात गानं न्हाय," हिंदुराव हळूच म्हणाला. "ह्यात वातावरन हाय."

"वातावरन बाहेर हाय की. भाकड."

"वैनी! तिला मी आठ दिलंत!"

"वैनी, त्याला म्हनावं मी दोन दिलंत," पलीकडून दादासो.

"त्याला म्हनावं तुजं दोन म्हंजी..."

"बास! दोघांनीबी मार्क खिशात घाला. पुढची आना."

एकीत बासरी होती. वाजवणारा गुराखी नसावा, गुराख्याला एवढा दम लागत नाही, तरी बरी होती. दुभती. एकीत नुसता एक माणूस एका तारेच्या वाद्यावर हळू बोलल्यासारखा गात होता, काय ते कळलं नाही, पण कुणीतरी गेलंय आणि हा घरी एकटा आहे एवढं कळलं. मी पुढची लावायला सांगितली, आणि नंतर म्होरकीत घातली. सहा जणी अशा निघाल्या की सुई एकाच जागी उड्या मारायची, चांगलं गाणं चालता चालता पाय मोडावा तशी. त्या लंगड्या. एकीत एक बाई होती, तिला गळा होता. बाकी तिच्या साथीला चौघं होते ते तिला गाऊ देत नव्हते. मला त्या चौघांचा एवढा राग आला की मी डाळिंब करंडीत आपटलं. सरूबाई चहा घेऊन आली होती, तिला म्हणाले, "बघ, तितंबी ह्येच."

सरूबाई म्हणाली, "ह्यास्नी निदान वाजवता येतंय. आपल्या हितं त्येबी न्हाय." आणि नवऱ्यापुढं कप आपटून गेली.

तिसऱ्या दिवसापर्यंत माझे कान तयार झाले होते. हिंदुराव वहीत चोरून काहीतरी लिहीत होता. मी हिसकून घेतली. नावं इंग्रजीत, ती वाचता येत नव्हती, पण आकडे येतात. मी म्होरक्या म्हटलेल्यांपुढं त्याचे नऊ, साडेनऊ, नऊ. भाकडांपुढं तीन, चार, दोन. फक्त ती निळ्या डोळ्यांची सोडून.

"आरं, म्हंजी तुला कळतंय की," मी म्हणाले.

"वैनी, तुला कळतंय," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा वेगळा होता. मी वही त्याच्या अंगावर फेकली.

चौथ्या दिवशी शेवटी जळक्या झाडाची निघाली. दादासोनं ती मुद्दाम तळाला ठेवली होती. कव्हर पुसलं, तबकडी काढली, आणि मला न विचारता दुसरी बाजू लावली. त्या बाजूला गाणं नाहीच. एकटा माणूस ढोल बडवतो, पाव तास.

दादासो माझ्याकडं बघत होता. यंत्राकडं नाही, माझ्याकडं.

आमचे हे, आबाजी, धनगरी गजी नाचाचा ढोल वाजवायचे. ढोल कमरेला बांधून उभे राहिले की गज्याच्या पोरांचे पाय आपोआप निघायचे. हे जाऊन बारा वर्षं झाली. आता मला कळलं की दादासो ही बाजू दर पाडव्याला का लावतो, आणि ताटावरून का उठला.

"ऐकलंस, वैनी?" तो म्हणाला. बोलायचं नाही हा नियम त्यानं मोडला आणि मी त्याला मोडू दिला. "दादाच हाय न्हवं?"

काय सांगू? खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. पण मी वाटणीला बसले होते.

"न्हाय," मी म्हणाले. "तुझा दादा हात उचलायचा तवा जागा सोडायचा. नाचनाऱ्याचा पाय कुठं पडायचा ते त्याला ठावं असायचं. ह्यो जागाच सोडत न्हाय. ह्याला एकट्यालाच नाचायचंय."

दादासोनं मान खाली घातली. पलीकडून हिंदुराव उत्साहानं पुढं सरकला. "मंग? मी म्हनलंच हुतं. चार बराबर हाय का न्हाय?"

"तू गप बस. शेवटाला त्यो दमतो. दमल्यावर जरा सोडतो. तितं बरा हाय. भाकड न्हाय ती. दुभती."

एकूण हिशेब असा निघाला: म्होरक्या सहा, दुभत्या चौदा, भाकड बारा, लंगड्या सहा. दोन ढीग केले. प्रत्येकात तीन, सात, सहा, तीन. एकोणीस आणि एकोणीस. आगगाडी एकीकडं गेली तर तो एकटा गाणारा दुसरीकडं घातला, कारण त्यांचं वजन सारखं. असं तोलत तोलत दीड तास गेला. सांगते, मेंढराच्या वाटणीत मला एवढा घाम फुटला नव्हता. दोन्ही ढीग कव्हरं पालथी करून दोन घोंगड्यांवर ठेवले.

मग वस्तीवरच्या सोनबाला बोलावलं. सोनबा म्हातारा मेंढका, त्यानं ढीग बघितले नव्हते. तो ओसरीच्या खांबाकडं तोंड करून, पाठ फिरवून बसला. मी उजव्या ढिगावर हात ठेवला आणि विचारलं, "ह्यो कुनाचा?"

"हे काय हाय तरी?" सोनबा खांबाकडं बघून म्हणाला. "बें बें तर ऐकू येईना."

"तुला काय करायचंय? नाव घे."

"धाकल्याचा."

झालं. उजवा ढीग दादासोचा, डावा हिंदुरावाचा. ढीग उताणे केले. दादासोच्या ढिगात सगळ्यात वर जळक्या झाडाची होती. हिंदुराव आपल्या ढिगाकडं बघत होता आणि मधून मधून याच्या. मला वाटलं, झाली दहावी वाटणी. आता हा बारामतीला जाईल, तो बागेत जाईल, पाडव्याला दोन्ही घरांची दारं लावलेली असतील. पण काम अजून संपलं नव्हतं.

वाटणी झाली की कानाला खूण करायची असते. थोरल्याच्या मेंढराचा डावा कान, धाकट्याच्या मेंढराचा उजवा, कातरीनं एक खाच. खूण नसली की चरताना दोन कळप एक होतात आणि मग भांडण पहिल्यापेक्षा मोठं होतं. खुणेशिवाय मी एकही कळप ओसरीसमोरून हलू दिलेला नाही. तबकडीला कान नसतो, पण कव्हराला कोपरा असतो.

मी लोकर कातरायची कातर घेतली, जळक्या झाडाच्या कव्हराचा उजवा कोपरा धरला आणि कचकन काढला.

"वैनी!"

एवढं मोठं ओरडणं मी चार दिवसांत कुठल्या तबकडीतही ऐकलं नव्हतं. सोनबा खांबावर आपटला. मी मागं बघितलं तर ओरडला होता हिंदुराव. दादासोचं तोंड उघडं होतं पण आवाजच निघत नव्हता. हिंदुराव गुडघ्यांवर धावत आला आणि माझा हात धरला. वहिनीचा हात! जन्मात धरला नव्हता.

"काय केलंस ह्ये! अगं पंचवीस वरीस एक सुरकुती पडू दिली न्हाय आमी!"

"खून नको करायला? बाकीच्या सदतीस राहिल्यात."

"सदतीस!"

तेव्हा दादासोला आवाज फुटला. पण तो माझ्याशी बोलला नाही. थेट हिंदुरावाशी बोलला, आठ महिन्यांनी पहिल्यांदा.

"चार मार्काची तबकडी हाय ती. माझ्या वाट्याची. तू कशापाय वरडतोस?"

हिंदुरावानं कव्हर छातीशी धरलं होतं. "चार मार्क मी दिल्यात, मीच देनार. म्हनून तिचा कान कापायचा? वर्गातल्या पोराला चार दिलं म्हनून कुनी त्याला कापलं तर मी गप बसंन व्हय?"

"मंग दिलंस कशाला चार?"

"कारन ती चारचीच हाय! पैल्या वरसापासनं चारचीच हुती. तू ऐकताना असं तोंड करून बसायचास की माझा हात नऊच्या खाली जाईना. वीस वरीस खोटं लिवलं. ह्या पाडव्याला म्हनलं, आता शेचाळीस वय झालं, आता तरी भावाला खरं सांगावं. तर तू ताटावरनं उठलास!"

"पाच तरी द्यायचंस!"

"चार!"

"वैनीनं दुभती म्हनलंय. दुभती म्हंजी सहा."

"दुभती म्हंजी सहा कुनी ठरवलं?"

"तुझ्याच वहीत हाय. बाकीच्या दुभत्यास्नी तू सहा-सात दिल्यात, मी बघितलंय."

"तू माजी वही कवा बघितलीस?"

मी कातर घेऊन उभी. माझ्याकडं कुणी बघतही नव्हतं. "ए," मी म्हणाले, "भांडायचं असंल तर भाईर भांडा. मला खुना करायच्यात."

दोघं एकदम म्हणाले, "न्हाय!"

"खून न्हाय तर वाटनी न्हाय. माजी रीत ठावं हाय दोघास्नी."

"मागनं पेन्सिलीनं नाव लिवू," हिंदुराव म्हणाला.

"पेन्सिल खोडता येती. उद्या म्हनशील ही माजी."

"कागद चिकटवू," दादासो म्हणाला.

"कागद गळतो. कोपरा कापायचा, नायतर मी वाटनी केली असं कुनाला सांगायचं न्हाय. बघा."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तसं बघणं मी ओळखते. लहानपणी माझ्या चुलीवरचं दूध सांडायचं तेव्हा दोघं असेच बघायचे, कोण पुढं होऊन सांगणार म्हणून.

दादासो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मग."

"ऱ्हाऊ द्या म्हंजी?"

"न्हाय करायची वाटनी. कापायचं न्हाय."

"चार दिवस!" माझा आवाज चढला तो पार ओढ्यापर्यंत गेला असेल. "चार दिवस मी ते कुत्र्या-मांजराचं वरडनं ऐकलं! करंड्या तशाच पडल्यात! सोनबाला खांबाकडं तोंड करून बसीवलं! आन आता ऱ्हाऊ द्या?"

"वैनी, चिडू नगंस," हिंदुराव म्हणाला, आणि मला पाठ करून जमिनीवर काहीतरी शोधायला लागला. तो कापलेला कोपरा शोधत होता. घोंगडीच्या खाली हात घातला, यंत्राच्या मागं बघितलं. शेवटी दादासोला माझ्या पदराला चिकटलेला सापडला. माझ्या पदराला हात लावून त्यानं तो नखाएवढा तुकडा असा काढला की सोन्याची चकती असावी.

"चिकटपट्टी लावू," दादासो म्हणाला.

"चिकटपट्टी पिवळी पडती. खळ पायजे. गव्हाची."

"खळीला मुंग्या लागत्यात."

"तुझ्या घरात लागत्यात. बारामतीत न्हाईत."

"आता ट्रंक बारामतीला जानार कोन म्हनलं? इतकी वरसं तिकडं हुती."

"यंत्र न्यायला नीट गाडी लागती, तुझ्या घरात लाईट तरी..."

सरूबाई खळीचं भांडं घेऊन येईपर्यंत दोघांचं भांडण ट्रंकेवरून आगगाडीच्या तबकडीवर गेलं होतं. पहिली बाजू चांगली की दुसरी, यावर. सोनबानं मला हळूच विचारलं, "माजं काम झालं का?" मी म्हणाले, झालं, जा. तो जाताना एक डाळिंब उचलून गेला.

गावात आता लोक म्हणतात तानूबाईनं युक्ती केली, कातर दाखवून भाऊ एक केले. मला हुशार म्हटलेलं आवडतं, पण हे खोटं आहे. मी खरंच अडतीसही कोपरे कापणार होते. त्यांनी हात धरला नसता तर अर्ध्या तासात कापलेही असते, आणि दोघं आज वेगळे असते, आणि माझी वाटणी चोख असती. युक्ती असती तर मी आधी एखादं भाकड कव्हर घेतलं असतं. ज्याच्यावरून भांडण, ते कशाला घेतलं असतं?

नऊ वाटण्या झाल्या, दहावी मोडली. लोणी भापकरहून परवा एक जण आला होता, बकऱ्यांची वाटणी करायची म्हणून. त्यानं विचारलं, तबकड्यांचं काय झालं. मी सांगितलं, कातर बोथट होती. खुणा करायच्या आदल्या दिवशीच तिला धार लावलेली होती, पण ते त्याला सांगायचं काही कारण नव्हतं.